दादाचा उजवा कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — मध्येच थांबलो तर जरा सांभाळून घ्या.

माझा दादा म्हणजे दुर्गाघाटावरचा नावाजलेला वैदिक. मी धाकटा. वेदपठणाला चाळीस वर्षं त्याच्या उजव्या हाताला बसलो — तो एक पद म्हणणार, मी पुढचं उचलणार. दोन वर्षांपूर्वी त्याला चक्कर यायला लागली, उजव्या कानाने किंचित कमी ऐकू यायला लागलं. तपासणीत मेनिन्जिओमा निघाला. मेंदूच्या आवरणाची गाठ. कॅन्सर नव्हे, पण ऐकण्याच्या नसेला खेटून बसलेली. डॉक्टर म्हणाले, कवटी उघडायला नको. चहूबाजूंनी बारीक किरणं सोडायची, ती सगळी नेमकी गाठीवर एकत्र येतात आणि गाठ वाढायची थांबते. फक्त उशीर करू नका, गेलेला कान परत येत नाही. दादाने आमच्या घाटावरच्या हिंदीत एकच विचारलं, "शेंडी तो नहीं काटेंगे?" नाही म्हटल्यावर स्वारी खूश!

तारीख मिळाली. आणि — कसं सांगू? — नेमकी वसंतपूजेचीच.

भोसले घाटावर चैत्रात ही पूजा होते. समोरासमोर बसून वेद म्हणणाऱ्या वैदिकांच्या दोन रांगा, कपाळाला चंदन, मनगटाला अत्तर, नंतर पन्हं आणि कैरीची डाळ. मुख्य आसन कायम दादाचं. पण चकरेमुळे त्याला तासन्तास बसवेना, म्हणून त्या वर्षी ते मला मिळालं होतं. मला! आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीतून जातानासुद्धा मी मोठ्याने मंत्र म्हणत चालायचो.

वहिनी गेलेली, मूलबाळ नाही. दादाला इस्पितळात नेणारा मीच. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं नसतं का? आलं असतं. पण दादा म्हणाला असता, तूच चल — आणि मला ते ऐकायचंच नव्हतं. मी इस्पितळात फोन केला, "भैया को बुखार है, अगली तारीख दे दीजिए." दादाला सांगितलं, मशीन बिघडलंय. त्याने लगेच मान डोलावली. माझ्यावर त्याने कधी अविश्वास दाखवला होता?

आणि मोकळा झाला म्हणून तो वसंतपूजेला आला! मागे खांबाला टेकून बसला. काय लागला होता आवाज त्या दिवशी! एक स्वर हलला नाही. समोरची रांग दमली, मी दमलो नाही. संपल्यावर दादाने सगळ्यांदेखत मला मिठी मारली.

पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. त्याआधीच एका सकाळी म्हणायला बसलो असताना मी पद उचललं आणि दादा नुसता वाट पाहत राहिला. मला वाटलं, विसरला. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

किरणं दिली, तीही झकास. डोक्याला चौकट बसवली, काही तास गेले, दुसऱ्या दिवशी घरी. कपाळावर फक्त दोन ठिपके. गाठ थांबली, चक्कर गेली. मी घाटावर पेढे वाटले — खरोखर आनंदाने वाटले. कान तेवढा गेला. वेळेवर नेलं असतं तर वाचला असता का? डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

दादा भेटेल त्याला सांगतो, धाकट्यामुळे जगलो. वर हेही सांगतो, की उजव्या कानाने शेवटचं धड काही ऐकलं असेल तर ते बाळूचं, म्हणजे माझं, वसंतपूजेतलं पठण — कान सार्थकी लागला. तो हसतो, मीही हसतो. आणि त्याहून वाईट सांगू? तो दिवस आठवला की आजही माझी छाती आनंदाने भरून येते.

हल्ली तो मुख्य आसनावर बसतो आणि डावीकडची जागा थोपटतो. "बाळू, इकडे बस रे, इकडून बरोबर ऐकू येतं." मी उठतो, उजवीकडची जागा सोडतो आणि त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसतो.