तिची सोनोग्राफी

बायको सोनोग्राफीला भिते, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. खरं काय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

लग्न झालं तेव्हा मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही पायी फिरायला जायचो. ती मध्येच थांबायची. "अहो, मोसंब्या बघा किती लागल्यात!" थोडं पुढं गेलं की टिटवी, मग कुणाच्या दारातली रांगोळी. हिला केवढं दिसतं, याचं मला कौतुक. ती दम खात होती, हे मला कळलंच नाही. तरी ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

थोरली मुलगी झाली, नंतर पुन्हा दिवस गेले. "साधी तपासणी हाय," म्हणून मी तिला सोनोग्राफीला नेलं. ती टेबलावर पडलेली असताना डॉक्टरांना विचारलं, "पोरगा हाय का?" डॉक्टर भडकले. त्यांनी मला बाहेर काढलं. दुसरीही मुलगीच झाली.

मुली मोठ्या झाल्या तसा तिला जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाला जन्मापासूनचं भोक असावं, छातीची सोनोग्राफी करा. घरी आल्यावर ती म्हणाली, "मंग? ह्या टायमाला काय इचारणार डॉक्टरला?"

विचारणाऱ्यांना मी सांगत गेलो, ती सोनोग्राफीला भिते. वर्ष तसंच गेलं. तिचे पाय सुजायला लागले. शेवटी धाकटी म्हणाली, "मम्मी, मी बसते ना तुझ्याजवळ."

"तू ये. ह्यांला बाहेर बसू दे."

"पप्पांनी काय केलं?"

"लई बडबड करतेत."

मला घरात मुका म्हणतात. धाकटी खूप हसली.

भोक निघालं. पुण्याला मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. सोनोग्राफीची दुसरी नळी घशातून उतरवली होती. त्या नळीच्या चित्रात बघत बघत डॉक्टरांनी छत्रीसारखी चकती त्या भोकात बसवली. छाती उघडावी लागली नाही. नंतर त्यांनी आम्हाला ते चित्र दाखवलं. मला नुसतं करडं हलताना दिसत होतं. धाकटीनं माझा हात धरून बोट पडद्यावर नेलं. "इथं बघा पप्पा, उघडली! बसली बराबर!"

हीच धाकटी मला नको होती, म्हणून मी तेव्हा विचारलं होतं.

बायकोची माफी मागायची राहिली आहे. आणि धाकटीला हे माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं आहे.