जाड पत्ती

पलटणीच्या बँडात मी पंधरा वर्षं सॅक्सोफोन वाजवला, पण मुख्य चाल माझ्या वाट्याला कधी आली नाही. मी तिसरा सॅक्सोफोन. पहिला चाल वाजवतो, दुसरा त्याच्या अंगानं जातो आणि तिसरा मधूनमधून 'पों' करतो. देशाची सेवा मी 'पों' करून केली म्हणा ना. गावाकडं पत्रातून मात्र मी जे काही कळवत होतो, त्यावरून आमच्या वस्तीत असा समज झाला होता की सगळा बँड माझ्यावर चालतो. पेन्शन घेऊन आलो तेव्हाही तो समज मी दूर केला नाही. उलट येताना मिरजेला उतरलो आणि मोडीत निघालेल्या एका लग्नाच्या बँडाकडून दोन पोचे पडलेला सॅक्सोफोन घेऊन घरी आलो. मोठ्या दुष्काळाच्या पुढचं साल होतं. माणसं बी-बियाणं आणत होती, मी हे आणलं.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी. घरी आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यात बसले होते. सॅक्सोफोनच्या पेटीकडं बघून म्हणाले, "ह्यात काय हाय?"

"नोकरीतलं सामान, आबा."

आबांना फसवणं अवघड होतं, कारण ते स्वतः एके काळी गावचे सनईवाले. गावात लग्न असो, देवाची पालखी असो, सनई आमच्या घरातून जायची. तिला बोलावणं नसायचं, निरोप असायचा. वाजवून झालं की मांडवाबाहेर बसायचं आणि सगळी पंगत उठल्यावर पदरात पडेल ते घेऊन यायचं. आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं: गावकीची कामं बंद, मेलेली जनावरं ओढणं बंद, वाजवणं बंद. आबांनी त्याच दिवशी सनई चुलीत घातली. सनईवर भाजलेल्या त्या भाकऱ्या मी खाल्ल्या आहेत, चवीला काही फरक नव्हता. पुढचं पितळी फूल तेवढं जळालं नाही. आई पुढं कित्येक वर्षं त्याचं नरसाळं करून कंदिलात रॉकेल ओतायची.

आता माझी अक्कल. पलटणीत असताना एकदा नाताळात छावणीच्या चर्चमध्ये आमच्या पहिल्या सॅक्सोफोनवाल्याला गाणाऱ्या मंडळींच्या साथीला नेलं होतं. मी त्याची पानं उलटायला गेलो होतो. वीस-पंचवीस माणसं मिळून देवाची जुनी गाणी म्हणत होती आणि त्यांच्या आवाजाखालून सॅक्सोफोन असा वाहत होता, की मी दोन पानं एकदम उलटली. ते माझ्या मनात राहून गेलं होतं. आमच्या वस्तीतही दर रविवारी सकाळी पत्र्याच्या विहारात वंदना व्हायची. आठ-दहा बायका, तीन-चार पुरुष. आधी पालीतल्या जुन्या गाथा, शेवटी आपल्यातल्याच कुणी रचलेलं एखादं नवं मराठी गाणं. पुढच्या चटईवर आबा बसायचे आणि त्यांच्या शेजारी, सगळ्यांना सूर देणारी, त्यांची बहीण, माझी आत्या. मला वाटलं, जुन्यालाही आणि नव्यालाही हा सॅक्सोफोन शोभेल. वाटलं म्हणजे मी कुणाला न विचारता पुढच्या रविवारी पेटी घेऊन गेलो.

पहिली गाथा बरी गेली. दुसरीला मला कळेना की मी चुकतोय की बायका. तिसरीला उलगडा झाला. हार्मोनियम-तंबोरा काही नसताना माणसं मिळून म्हणायला लागली की सूर हळूहळू वर सरकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. आत्या दर गाथेला तांदळाएवढी वर जात होती आणि सगळी मंडळी तिच्या मागोमाग. माझ्या वाद्याला ठरलेल्या चाव्या. एक पायरी सोडली की पुढची पायरी, मध्ये उभं राहायला जागा नाही. आणि मंडळी नेमकी दोन पायऱ्यांच्या मध्ये उभी.

"आत्या, तुमी वर सरकताय," मी वंदना झाल्यावर म्हणालो.

"श्रद्धा हाय रं, ती वरच जायाची."

"पर मला मागनं येता येत न्हाई."

"मग दमानं ये. आमी कुठं पळून चाललोय व्हय? आन जरा हळू. कानात म्हस वरडल्यागत हुतंय."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पहिल्या गाथेलाच आबा चटईवरून उठले होते आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले होते. पुढच्या रविवारी ते लिंबाखालीही आले नाहीत. वंदनेला आबा नाहीत असा रविवार वस्तीनं कधी बघितला नव्हता.

मी घरी विषय काढला. "आबा, गावासाठी वाजवायचं सोडलं आपण. ही तर आपलीच वंदना."

"आज आपली. उद्या गाव म्हणंल, वाजतंय न्हवं तुमच्यात? लावून द्या."

"कोण म्हणतंय आता? गेले ते दिवस."

"मग बस वाजवत," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

त्या वाद्याविषयी ते स्वतःहून एकदाच बोलले. मी नदीवर सरावाला जायच्या आधी पत्ती तोंडात भिजवत बसलो होतो. पत्ती म्हणजे वेताची चपटी चीप, तोंडाशी बसवतात. ती थरथरते, मग आवाज निघतो. सनईलाही असते, नाजूक असते इतकंच. आबांनी जाता जाता बघितलं.

"पत्ती जाड हाय तुझी."

"आबा, ही विलायती हाय," मी म्हणालो आणि हसलो. पंधरा वर्षं 'पों' केलेला माणूस सनईवाल्याला हसला, हे इथं नोंदवून ठेवतो.

वैशाखी पौर्णिमा दोन महिन्यांवर होती. त्या दिवशी आबांना चटईवर परत बसवायचं आणि वाद्यही वाजवायचं, असं मी ठरवलं. कसं, ते ठरवलं नव्हतं.

अशात एक दिवस वाद्याचे पोचे काढून येताना इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर गावातले एक सुभेदार भेटले. माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झालेले, घरचा ऊस, मनानं दिलदार. त्यांनी मला हाक मारून बाकावर शेजारी बसवलं, एकाच किटलीतला चहा सारख्याच कपांतून मागवला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, तिथंच घोटाळा झाला.

"बँडमास्तर, पेटीत काय, सॅक्सोफोन?"

"जी साब."

"आमच्या थोरल्याचं लगीन हाय. परण्याला नवरदेव घोड्यावर मारुतीला जाईल तवा म्होरं वाजवा की एखादी धून. पलटणीचा माणूस म्होरं असला म्हंजी शान हाय गड्या."

आणि मी उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि म्हणालो, "जी साब."

हे मी म्हणालो नाही, माझ्या तोंडानं म्हटलं. सुभेदार समोर दिसला की ते आपोआप उघडतं, त्याला माझी परवानगी लागत नाही. गावापर्यंतच्या प्रवासात मी नकाराची सात वाक्यं तयार केली, सातही चांगली होती. गाडीतून उतरल्यावर मला कुणाला सांगायचं धैर्य झालं नाही.

सांगायची वेळही आली नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी सुभेदारांचा गडी आमच्या दारात आला. मी आत होतो, आबा उंबऱ्यात.

गडी म्हणाला, "परवा परण्याला पोराला लावून द्या वाजवायला. जेवान तिकडंच हाय म्हणावं."

शब्द बघा. सुभेदारांनी तसं सांगितलं नसणार, पण गड्याला तोच एक साचा ठाऊक होता. निरोप होता तो. वीस-एक वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा.

गडी गेल्यावर आबांनी मान न वळवता विचारलं, "सबूद तू दिलायस?"

"व्हय."

"मग जा."

"न्हाई आबा. आत्ता जाऊन न्हाई म्हणून सांगतो."

"सांग जा."

गेलो. सुभेदारांच्या दारात मांडव घालत होते. मला लांबून बघताच त्यांनी पाव्हण्यांना सांगितलं, "हे आमचे बँडमास्तर, लय मोठा माणूस." खुर्ची दिली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सात वाक्यांतलं एकही जवळपास नव्हतं.

"कसं येणं केलंत?"

"काही न्हाई साब. किती वाजता यायचं ते इचारायला आलतो."

घरी आलो तेव्हा आबांनी विचारलंही नाही. माझ्या चालण्यावरून कळलं असावं. ते दोन दिवस मी पेटीला हात लावला नाही. सराव करायलाही लाज वाटत होती.

परण्याला इस्लामपूरचा बँड आला होता. ढोल, ताशे, तुताऱ्या, सगळं दणदणीत. त्यांचा मास्तर अदबीनं म्हणाला, "पयली चाल तुमची." पंधरा वर्षांत जे कधी मिळालं नाही ते मिळालं, आणि तेही कुठं, तर माझ्या बापानं सोडून दिलेल्या जागेवर. मी छाती भरून फुंकलं.

वासरू झोपेत हंबरावं तसा आवाज आला. घोड्यानंही कान हलवले नाहीत. मी जोर लावला, तर पत्ती चिकटून आवाज बंदच झाला. जोर सोडला की हलकेच यायचा, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल न जाईल इतका. ताशावाल्यानं वाट बघितली, बघितली आणि ठोकायला सुरुवात केली. मग मी तोंडाला वाद्य लावून नुसता चालत राहिलो.

मारुतीपाशी सुभेदार जवळ आले. "बँडमास्तर, दमा झालाय व्हय?"

"जी साब," मी म्हणालो.

"असूंद्या. आराम करा. जेवून जावा."

पोटाचं निमित्त सांगून मी जेवायला थांबलो नाही. आमच्या घराला वाजवायचा निरोप गावातून त्यानंतर कधी आला नाही.

घरी येऊन पत्ती काढली आणि उन्हात धरली. कडेला पार झिरझिरीत झाली होती, बोट पलीकडून दिसत होतं. दोन्ही अंगांना सारखे, केसासारखे बारीक ओरखडे. जात्याच्या मागं बाटलीच्या काचेचा तुकडा ठेवलेला दिसला. आबा बाजेवर पडले होते.

"आबा, माझ्या पत्तीला काय झालं?"

"उंदरानं कुरतडली आसंल."

"उंदीर लय हुशार दिसतोय. दोनी बाजू सारख्या कुरतडल्यात."

"आसत्यात एखादं हुशार," आबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

पौर्णिमेला माझ्याकडं दुसरी पत्ती नव्हती. म्हणजे मी ठरवून काही केलं असं कुणी समजू नये. मी विहारात सगळ्यांच्या मागं, दाराशी बसलो आणि भीत भीत फुंकलं. आवाज आला तो बायकांच्या आवाजाखालीच राहिला, वर डोकं काढायची त्याच्यात ताकदच नव्हती. आत्या नेहमीप्रमाणं वर सरकायला लागली. मी ओठ किंचित दाबले, आणि त्या पातळ पत्तीवर सूर वाकला, दोन पायऱ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. जाड पत्तीवर हे मला जमलं नसतं. नवं गाणं येईपर्यंत मी आत्याच्या मागं मागं चालत होतो, कुठं पोचायचं ते माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या गाथेला आबा आत आले होते. माझ्या अंगावरून पुढं गेले आणि आपल्या चटईवर बसले. सगळ्यांची तोंडं मूर्तीकडं, त्यामुळं मला आबांची फक्त टोपी आणि मान दिसत होती. मानेवरून माणसाचं काही कळत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

वंदना झाल्यावर आत्या म्हणाली, "आज तू कुठं हुतास रं? तुजा आवाजच न्हाई आला." पुढची-मागची सगळी पदकं धरूनही एवढं कौतुक माझं कुणी केलेलं नाही.

आषाढात ती पत्ती चिरली. मी मिरजेहून अर्धा डझन नव्या आणल्या, तीच काच घेतली आणि खरवडायला बसलो. पहिलीला मध्येच भोक पडलं, दुसरी एका अंगानं गेली. तिसरीतून आवाजच आला नाही, चौथीतून ससाण्यासारखा आला. पाचवी मी रागानं मोडली. सहावी घेऊन आबांपुढं गेलो.

"आबा, किती खरवडायची तेवढं सांगा."

त्यांनी ती घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यावर फिरवली आणि परत दिली.

"मला इचारू नगंस. मी वाजवायचं सोडलंय."

मी उंबऱ्यात बसलो आणि काच फिरवायला लागलो. आबा आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. खरवडण्याचा आवाज आतपर्यंत जात होता. बऱ्याच वेळानं आतून आलं, "हूं."

ते 'थांब' होतं की नुसता घसा साफ केला, हे मला कळलं नाही. मी वाट बघितली. पुन्हा काही आलं नाही. म्हणून मी आणखी दोनदा काच फिरवली, आणि पत्ती फाटली.