ऊन तोंडावर बोलतं

वैशाखात दुपारी बाराच्या पुढं नळदुर्गात माणूस दिसायचा नाही. किल्ल्याचे दगड असे तापायचे, की संध्याकाळी त्यांच्याजवळून गेलं तरी गालाला झळ लागायची. कुत्री बोरी नदीच्या उरल्यासुरल्या डबक्यात पोट टेकून पडायची. अशा वेळी आमच्या गल्लीत एकच माणूस उन्हात बसलेलं असायचं, आणि तेही हौसेनं. शेजारची खाला. तिच्या अंगणाच्या मधोमध, डोक्यावर ओढणी, हातात सुतळी आणि शेजारी वाफाळता चहा.

"खाला, सावलीत बसा की," आई भिंतीवरून म्हणायची.

"सावलीत काकड्या ठेवत्यात," खाला म्हणायची. "म्या काय काकडी हाय?"

आणि या बाईचा धंदा काय, तर साहेबलोकांसाठी गारवा विणायचा. नदीकाठचा वाळा खणून आणायचा, त्याच्या मुळ्या धुवायच्या आणि बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत सुतळीनं घट्ट विणून दाराएवढे तट्टे करायचे. हे तट्टे कचेरीच्या आणि डाकबंगल्याच्या पश्चिमेच्या दारांना टांगत. त्यांच्यावर पाणी मारत राहिलं, की बाहेरची भाजणारी हवा आत येईपर्यंत गार आणि सुगंधी व्हायची. नवरा लवकर गेला, तेव्हा खालानं त्याचं हे काम उचललं. मूठभर मुळ्या हातात घेऊन ती नुसत्या वजनावरून सांगायची, हा वाळा दोन उन्हाळे टिकेल की एकच.

स्वतः मात्र ती तट्ट्याआड कधी बसली नाही. एकदा तहसीलदारसाहेबांनी तिला आग्रहानं आत बोलावलं. "देखो तो सही, क्या चीज बनाती हो." खाला आत गेली, खुर्चीच्या कडेला पाच मिनिटं टेकली आणि शिंकत बाहेर आली. आल्या आल्या तापलेल्या पायरीला पाठ लावून बसली. "ऊन तोंडावर बोलतं," ती म्हणाली, "ओल पाठीमागनं बोलती. म्या तोंडावर बोलणाऱ्याचं ऐकती." भाद्रपदातल्या दमट उकाड्यावर तर तिचा दातच होता. आभाळ भरून यायचं, पाऊस पडायचा नाही, अंगाला कपडा चिकटायचा. तेव्हा ती चिडून म्हणायची, "तोंडावर ओला फडका बांधल्यावानी झालंय बाई. ह्याच्यापरीस वैशाख बरा. मारतो पण सांगून मारतो."

आमचे आबा अगदी उलट. ते कचेरीत चपराशी होते आणि तट्ट्यांवर पाणी मारायचं काम उन्हाळाभर त्यांच्याकडं असायचं. पाठ घामोळ्यांनी भरलेली, त्यामुळं पाणी मारताना निम्मं अंगावर उडवून घ्यायचे. खाला त्यांना हसायची. "भय्या, तट्टा साहेबाचा हाय का तुमचा?" आबा म्हणायचे, "आपा, साहेबाला वारा, मला पाणी. वाटणी झाली." आबांना मोडकीतोडकी अक्षरं यायची, आईला तीही नाही. पण खालाच्या मागं लागण्यामुळं मी उर्दू शाळेत गेले आणि पुढं बी. ए. झाले. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. "छोरीला शिकव," खाला आईला म्हणायची, "आपल्या दोघींचे अंगठे पुरे झाले."

खालाची एकुलती एक मुलगी रशीदा. ती आईवर गेली नव्हती. तिला उन्हाळा सोसायचाच नाही. लहानपणापासून भिजवलेली ओढणी डोक्यावर घेऊन घरभर फिरायची, रांजणाच्या कडेची ओली फरशी धरून झोपायची. खाला तिला "साहेबीण" म्हणायची. लग्न होऊन ती मुरुमला गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती नेमकी वैशाखात. मुलगा झाला. गल्लीत गुळाचे खडे वाटले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, बाळ बघायला रोज जायची.

बाळंतिणीच्या खोलीबाबत आमच्या गावात हिंदू-मुसलमान असा काही भेद नव्हता. सगळ्यांचं एकच. दार बंद, माळवदातल्या झरोक्यात चिंध्यांचा बोळा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओव्याची धुरी, अंगावर वाकळ. बाळंतिणीच्या हाडात वारा शिरू नये म्हणून. पौष असो की वैशाख, त्यात बदल नाही. खालाचा तर उष्णतेवर पहिल्यापासूनच भरवसा. तिनं दाराच्या फटीसुद्धा बुजवल्या.

डाकबंगल्यासाठी विणलेले तीन तट्टे तेव्हा अंगणात भिजवून ठेवलेले होते. आतून रशीदाचा आवाज यायचा.

"अम्मी, एक तट्टा दाराला लाव ना. फक्त दुपारचा."

"नक्को गं. चाळीस दिवस सोस."

"जीव घाबरा होतोय."

"मलाबी झाला हुता. मेले का म्या?"

मग रशीदा दाराशी माझी चाहूल लागली की विचारायची, "छोरी, बाहेर वारा आहे का गं?" मी हो म्हणायची. "कसाय?" ती विचारायची. मला सांगता यायचं नाही. गरम वाऱ्याचं काय सांगायचं?

पाचव्या दिवशी ती तापानं फणफणली आणि सातव्या दिवशी दुपारी गेली. तो ताप बाळंतपणाचा होता की त्या खोलीचा, मी डॉक्टर नाही, सांगू शकत नाही. गल्ली म्हणाली, अल्लाची मर्जी. खाला एकटी तसं म्हणाली नाही. तिनं स्वतः दार उघडलं, फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या, अंगणातला एक तट्टा उचलून दाराला टांगला आणि त्यावर पाणी मारायला लागली. बायका म्हणाल्या, मयताच्या घरात हे काय. ती म्हणाली, "लागू दे तिला." जनाजा उठेपर्यंत ती पाणी मारत होती. तट्टे न्यायला आलेले आबा तिथंच फाटकाशी उभे राहिले आणि रिकाम्या हातानं कचेरीत परत गेले. "तयार झाले नाहीत, सरकार," एवढंच साहेबांना म्हणाले. बाळाला मुरुमची माणसं घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यापासून खाला उन्हात बसेनाशी झाली. आणि एक नवंच खूळ घेतलं, असं गाव म्हणायचं. कुठं बाळंतीण आहे कळलं, की डोक्यावर तट्टा घेऊन त्या दारात उभी राहायची. "लावा. पैसा नक्को. पाणी म्या मारती." कुणी लावून घेतला नाही. एक तर ओली हवा, त्यात लेक गेलेल्या बाईच्या हातची. तोंडावर गोड बोलून परत पाठवायचे, आणि पाठ वळली की दारात मीठ टाकायचे. खालाला ते दिसायचं. तरी ती पुढच्या घरी जायची.

त्याच्या पुढच्या वैशाखात आमच्या आईला मुलगा झाला. आमच्या घरात आबांच्या थोरल्या विधवा बहिणीचं, म्हणजे आत्याचं चालायचं. दार बंद, शेगडी, वाकळ, सगळं रीतसर. चौथ्या दिवशी खाला आली. आत्यानं मला पुढं केलं. "सांग जा, आई झोपलीया."

मी सांगितलं. खालानं डोक्यावरचा तट्टा खाली घेतला नाही. "घाम लई येतो का तिला? पाणी मागती का?"

"न्हाय," मी म्हणाले. आई सकाळपासून पाणीच मागत होती.

"खरं सांग गं."

आत्या माझ्या मागंच उभी होती. "न्हाय," मी पुन्हा म्हणाले. खालानं तट्टा आमच्या भिंतीला टेकवला आणि गेली. ज्या बाईनं मला शाळेत घातलं, तिच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. दुसरं माझं नव्हतं.

आत्या रोज दुपारी देवळात पोथीला जायची. त्याच वेळी आबांची जेवणाची सुट्टी. त्या दिवशी आबा आले, भिंतीला टेकवलेला तट्टा बघून थबकले. मग त्यांनी खोलीचं दार उघडलं, तट्टा टांगला, शेगडी बाहेर काढली आणि कचेरीत मारायचे तसंच पाणी मारायला लागले. आतून आईचा आवाज आला, "अगं बाई." एवढंच. मग बराच वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज. आत्या यायच्या आत तट्टा कडब्याच्या गंजीमागं गेला. रोज असंच चाललं. मी फाटकात उभी राहून राखण करायची. महिनाभरात आत्याला पत्ता लागला नाही. आबांनी जन्मात थोरल्या बहिणीचा शब्द मोडला नव्हता, तो असा गुपचूप मोडला.

चाळीस दिवस झाल्यावर आई बाळाला घेऊन बाहेर पडली. तिला पहिल्यांदा खालाकडंच जायचं होतं, झालेलं सगळं सांगायला. मी बरोबर होते. खाला ओट्यावर बसली होती. आईचं भरलेलं तोंड, मांडीवरचं गुटगुटीत बाळ बघून ती उठून उभी राहिली.

"दार बंद हुतं तुझं?" तिनं विचारलं.

आई सांगणार, तोच ती पुढं म्हणाली,

"शेगडी हुती? झरोका बुजवला हुता? खरं सांग बाई. दोन वर्सं माझ्या डोळ्याला डोळा लागला न्हाय. म्या दार उघडलं असतं तर माझी रशीदा..."

आईनं बाळ माझ्याकडं दिलं. खालाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बंद हुतं, खाला. पयल्या दिवसापासनं चाळीसाव्या दिवसापर्यंत. शेगडीबी हुती. मला काय झालं न्हाय. दारानं कुणी मरत न्हाय. तुमच्या हातनं काय झालं न्हाय."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

खाला हंबरडा फोडून रडली. मुलगी गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. घरी येताना मी आईला विचारलं, "खोटं का बोललीस?" आई म्हणाली, "तिचं तोंड बघितलंस का?"

त्यानंतर खालानं तट्टे घेऊन फिरणं सोडलं. इतकंच नव्हे, ज्या ज्या दारात ती उभी राहिली होती, त्या दारात जाऊन सांगून आली, "म्या चुकले हुते बायांनो. दार बंदच ठिवा. ही बघा, चपराशाची बायको जगली."

त्याच भाद्रपदात हैदराबादचं राज्य गेलं. त्या दिवसांत आमच्याकडं काय काय झालं, ते इथं सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. खालाचा भाऊ तिला न्यायला हैदराबादहून आला. निघायच्या दिवशी तिच्या नावडीचा तोच दमट उकाडा होता, पण ती त्याला एक शब्द बोलली नाही. आबांनी तिची ट्रंक गाडीत ठेवली आणि तोंड फिरवून उभे राहिले. भावाच्या घराचा पत्ता तिनं माझ्याकडून उर्दूत लिहवून घेतला, एक स्वतःला, एक आम्हाला. आई काहीतरी सांगायला पुढं झाली होती. मला वाटतं, ती खरं सांगणार होती. पण खालानंच तिच्या गालावरून हात फिरवला. "तुझ्यामुळं मला झोप लागती आता," ती म्हणाली. आई मागं सरली.

पुढच्या उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, आमच्यापासून तिसऱ्या घरातली सून बाळंत झाली. सोळा-सतरा वर्षांची पोर. तिचं कण्हणं आमच्या ओट्यावर ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी आई त्यांच्या दारात गेली आणि चारचौघींत म्हणाली, "दार उघडा. म्या जगले ती दार उघडं हुतं म्हणून. ह्यांनी रोज वाळ्याचा तट्टा लावला."

त्या बायकांत आत्याही होती; तिला हे आजच कळत होतं. पण त्या पोरीची सासू शांतपणे म्हणाली, "खाला सोता सांगून गेली, तुझं दार बंद हुतं म्हणून. तूच देवाची आण घिऊन तिला बोललीस. मग खोटं कवा बोललीस गं, तवा का आता?"

आई घरी परत आली. मग आबा गेले, विनवणी केली. त्यांनाही कुणी आत घेतलं नाही. सहाव्या दिवशी त्या घराचं दार उघडलं ते पोरीला बाहेर काढायला.

आई तीन दिवस जेवली नाही. पुढं ती आणखी चाळीस वर्षं जगली. मी शिकले, नोकरीला लागले, मला शहाणपण आलं असं लोक म्हणतात; पण तिनं त्या दिवशी खालाला काय सांगायला हवं होतं, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्या वर्षी मात्र मला एकच सुचत होतं, की खालाला कळवावं. तिच्या शब्दावर गाव विश्वास ठेवत होतं. तिनं चार ओळी पाठवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात कुणाचं तरी दार उघडेल. मला उर्दू लिहिता येत होतं. पत्ताही होता. मी कागद काढून बसलेसुद्धा.

आईनं दौत बाजूला सारली. "नको लिहू," ती म्हणाली. "झोपू दे तिला."