साठेकाकांचा लाल चौकोन

आमच्या टीमच्या किटबॅगेतला दर रविवारी एखादा बॉल हरवतो आणि त्याच्या बदल्यात एक किस्सा जमा होतो. सिंगापूरच्या टॅम्पिनीस-पुंगोलकडचे आम्ही आयटीवाले आणि बँकवाले, सगळे क्रिकेटवर वाढलेले. ऑफिसांच्या बेसबॉल लीगमध्ये शिरलो ते केवळ क्रिकेटला मैदान मिळेना म्हणून.

पहिल्याच मॅचला मी बॉल टोलवला आणि बॅट घेऊनच पळत सुटलो. बेस जवळ येताच सूर मारून बॅट आत टेकवली! चिनी अंपायर अंकल शांतपणे म्हणाले, "बॅट नो नीड ब्रिंग लाह. लेग कॅन."

*

स्कोअर ठेवायची मेधा. ती बँकेत रिस्क बघते, त्यामुळे तिचा कुणावरच विश्वास नाही. एका रकान्यात प्रत्येकाची आजवरची बॅटिंगची सरासरी, शेजारी लीगची. वर असलात तर चौकोन हिरवा, खाली असलात तर लाल. दर रविवारी तक्ता ग्रुपवर हजर.

नव्याने आलेल्या देशपांडेने आपल्या नावापुढे .२०० पाहिलं आणि घरी जाऊन दोनशेची सरासरी सांगितली. बायकोने कौतुकाने श्रीखंड केलं. पुढे मेधाने तिला खरा अर्थ सांगितला, की पाचदा गेला तर चारदा हात हलवत परत. वहिनी म्हणाल्या, "हां, हे पटतंय. बाजारात पाठवलं तरी असंच असतं."

*

साठेकाकांचा चौकोन मात्र चार वर्षं लालच. काका अकाउंटंट, वय बावन्न. त्या वर्षी ते कायमचे पुण्याला परत निघाले होते. जाण्याआधी एकदा हिरवं व्हायचं, एवढीच इच्छा, आणि ती ते लपवतही नसत. आम्हालाही ते मनापासून हवं होतं. देशपांडेने सुचवलं, आपण सगळे मुद्दाम आऊट होऊ, म्हणजे लीगची सरासरीच खाली येईल. काका भडकले. आयुष्यभर ऑडिटला तोंड दिलेला माणूस! फिरवलेल्या आकड्यांचा हिरवा रंग त्यांना नको होता.

*

काकांची शेवटची मॅच. शेवटचा डाव, स्कोअर बरोबरीत, तिन्ही बेसवर आमची माणसं, आणि बॅटिंगला काका. मेधाच्या हिशेबाने एक फटका बसला की हिरवा.

तीन बॉल बाहेरून गेले. चौथाही बाहेरचा निघाला आणि तो सोडला, तर बॅटरला फुकट बेस मिळतो. त्याला वॉक म्हणतात. तिन्ही बेस भरलेले, म्हणून सगळे एकेक बेस पुढे सरकून आम्हाला जिंकायचा रन मिळाला असता, पण बॅटिंगच्या सरासरीत वॉकला काडीची किंमत नाही.

चौथा आला बाहेरच, पण बॅट पोचेल असा. काकांची बॅट हलली आणि थांबली.

आम्ही जिंकलो. पण काकांचा चौकोन लालच राहिला. कुणावर विश्वास नसलेली मेधा डोळे पुसत होती.

काकांची मुलगी इरा शाळेत सॉफ्टबॉल खेळते. तिने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, बाबांचे वॉक कुठेत? मेधाने दाखवलं, टीमच्या एक्स्ट्राजमध्ये. वाइड बॉल तिथेच जातात ना!

"आंटी, वॉक इज नॉट एक्स्ट्रा लाह. वॉक बाबांचाच. बेसवर किती वेळा पोचले, ते लीगशी कम्पेअर करा."

लीगच्या सगळ्या स्कोअरशीट मेधाकडे होत्याच. तिने नवा रकाना केला आणि चार वर्षांचे वॉक ज्याचे त्याच्या नावावर टाकले. सगळ्यात जास्त वॉक काकांचेच निघाले आणि त्यांचा चौकोन हिरवा झाला. त्या दिवशीचाच नव्हे, पहिल्या वर्षापासूनचे सगळे.

काकांनी ऑडिटच्या सवयीने एकेक चौकोन बोटाने तपासला. मग म्हणाले, "म्हणजे चार वर्षं मी बॅट उगाच फिरवत होतो?"