पावती नसलेली बहीण

आमच्या चाळमालकांना, दिनानाथकाकांना, कोणी वाईट म्हटलं की मी भांडायला उठते. आणि कोणी देवमाणूस म्हटलं तरी उठते. आमचे हे म्हणतात, "मालिनी, तू एकदा काय ते ठरव बाई." काय ठरवू, कपाळ! माणूस दोन्ही होता, त्याला मी काय करू?

काका इथल्या कारखान्यात फिटर. लढाईच्या दिवसांत ओव्हरटाइम करकरून, बायकोच्या, म्हणजे उमाकाकूंच्या, पाटल्या मोडून त्यांनी अंबरनाथ पश्चिमेला पाच खोल्यांची कौलारू चाळ उभी केली. एकीत स्वतः राहायचं, चार भाड्याने द्यायच्या आणि म्हातारपणी खाटेवर बसून खायचं, असा बेत. कसलं बसतात! पावसाआधी कौलं चाळायला छपरावर हेच, तुंबलेलं गटार उपसायला हेच. नगरपालिकेचा माणूस पट्टीसाठी दारात उभा, आणि पहिल्या खोलीतल्या आनंदाचं भाडं कायम 'उद्या, काका'. त्यातच नवा भाडेकायदा आला. सरकारने भाडं बांधून टाकलं, कौलांचा दर मात्र कोणी बांधला नाही. काका चिडून म्हणायचे, "मालक मी कुठला? बिनपगारी गडी आहे तुमचा."

याच सुमाराला फाळणीमुळे सिंधहून आलेल्या लोकांनी शेजारचा उल्हासनगरचा कॅम्प भरून गेला. जो तो खोली शोधत फिरू लागला. मग पानाच्या ठेल्यावर घरमालकांची खलबतं. पावती देऊ नका, एकदा पावती दिली की भाडेकरू जन्माचा चिकटला, कोर्टात गेल्याशिवाय हलत नाही. पण आमचे हे कल्याणच्या कचेरीत कारकून. पहिल्याच महिन्याला पावतीसाठी अडून बसले. आमचं बघून पहिल्या खोलीतल्या आनंदानेही मागितली, चौथ्या खोलीवाल्यानेही मागितली. मागितली नाही ती एकट्या राजाबाईने.

राजाबाई महाडकडची. नवरा काकांच्याच खात्यात होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. मागे मूलबाळ नाही. ती गावी भावाकडे गेली आणि पंधरवड्यात परत आली. दिवाळी तोंडावर होती, आणि भाऊबीजेला समोर येऊ नकोस म्हणून भावाने तिला आधीच अंगणात बसवलं होतं. विधवेने भावाला ओवाळलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणे. परत येऊन खोलीचं दार लावून बसली होती बिचारी.

भाऊबीजेच्या संध्याकाळी काकांनी तिचं दार वाजवलं. हातात स्वतःच्या घरचा पाट. म्हणाले, "ऊठ राजा, ओवाळ मला." ती भिंतीला चिकटली. "नको दादा, लोक काय म्हनतील?" काकांनी पाट मांडला आणि मांडी ठोकून बसले. "लोकांना ओवाळायला सांगितलंय का मी? निरांजन आण." सगळी चाळ दारात उभी होती. काकांची मावशी आलेली होती, ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. राजाबाईने निरांजन इतक्या घाईने फिरवलं की त्यातलं तूप काकांच्या सदऱ्यावर सांडलं. त्या दिवशी मी या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर दर भाऊबीजेला पाट मांडला जायचा. राजाबाईने खोलीतच खानावळ काढली, कारखान्यातल्या माणसांचे डबे करायची. खोली कारखान्याच्या रस्त्यावर, म्हणून गिऱ्हाईक दारात. तिचं सगळं पोट त्या खोलीवर. भाडं ती उमाकाकूंच्या चुलीपाशी जाऊन काकूंच्या हातात द्यायची, दारातून कधी दिलं नाही. आमच्या ह्यांनी तिला दोनदा सांगितलं, "राजाबाई, पावती घेत जा." ती हसायची. "भावाकडून कसली पावती, भाऊजी?" काकाही म्हणायचे, "घरच्या माणसाला पावती देतात होय?" तेव्हा ते मनापासूनच म्हणत होते, असं मला अजून वाटतं.

मध्ये एकदा काकांना विषमज्वर झाला. मावशी लगेच बोलली, "घ्या, ओवाळून घ्या आणखी विधवेकडून!" राजाबाईने ऐकलं. डबे बंद ठेवून ती काकांच्या उशाशी बसली, शुद्धीवर येईपर्यंत हलली नाही. काका उठले तेव्हा सगळ्यांत जास्त रडली ती हीच. पण मावशीने घातलेली ती भीती तिच्या पोटात राहिली ती राहिलीच.

मग काकांच्या मुलाचं, मधूचं लग्न झालं. पद्मजा घरात आली. एका खोलीत काका, काकू, दोन मुली आणि नवं जोडपं, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. पद्मजाला दिवस गेले. काकांना खोली हवी होती ही गोष्ट खरी, त्यात लबाडी नव्हती. पण काढणार कोणाला? आमच्याकडे पावत्या. आनंदा कायदा तोंडपाठ करून बसलेला. काका वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, "स्वतःच्या गरजेसाठी दावा लावाल तर वर्षं जातील. आणि ती विधवा, तिची अडचण तुमच्यापेक्षा मोठी ठरेल. पण पावती नाही म्हणता? ओवाळते म्हणता? मग ती भाडेकरू कशी? बहीण म्हणून धर्माने ठेवली होती, आता जागा हवी, संपलं."

हे ऐकून काका घरी आले आणि जेवले नाहीत. उमाकाकूंनी मला विहिरीवर सांगितलं. मी म्हटलं, "काकू, असलं पाप करू नका." काकू म्हणाल्या, "मालिनी, सून बाळंत कुठे होईल ते सांग." मी घागर उचलली. पोटुशी पोरगी डोळ्यांसमोर दिसत होती.

दावा लागला. आमच्या ह्यांनी राजाबाईला कल्याणचाच एक तरुण वकील बघून दिला. मीही साक्षीला गेले. मला विचारलं, "भाडं देताना डोळ्यांनी पाहिलंत?" आता पाहणार कोण, ती चुलीपाशी द्यायची! काका पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली आणि खाली बघत म्हणाले, "मानलेली बहीण आहे. भाडं कधी घेतलं नाही." उमाकाकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

राजाबाईला तिच्या वकिलाने पढवून ठेवलं होतं. कोणीही विचारलं, कसंही विचारलं, तरी एकच शब्द, मालक. ओवाळलं ते रीत म्हणून, पण माणूस मालक. ती चांगलं बोलली. भाडं देत होते, वहिनींच्या हातात देत होते, सगळं सांगितलं. मग काकांचा वकील उठला.

"दर भाऊबीजेला यांना ओवाळता?"

"व्हय."

"मग एकच सांगा बाई. हे तुमचे मालक, की भाऊ?"

तिने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. तिचा वकील खुर्चीतून अर्धा उठला. मी मनात ओरडत होते, अगं म्हण, मालक म्हण, एवढा एक शब्द म्हण!

"भाऊ," राजाबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "काय केलंस हे? स्वतःच्या हाताने घर घालवलंस!" ती शांतपणे म्हणाली, "मालिनीताई, ज्याच्या आयुष्यासाठी निरांजन फिरवलं, त्याला देवाची शपथ घेऊन भाऊ न्हाई म्हनू? त्यांचं काई बरंवाईट झालं तर?" मी कपाळाला हात लावला. अशा बाईपुढे कोणता कायदा चालणार?

निकाल काकांच्या बाजूने लागला. राजाबाईने खोली सारवून, चुलीला हळदकुंकू वाहून किल्ली काकूंच्या हातात दिली आणि उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये गेली. तिथे एका सिंधी बाईने बराकीच्या ओट्यावर तिला आडोसा करून दिला. दोघी मिळून पापड लाटायच्या. मधू आणि पद्मजा खोलीत राहायला आले, तिथेच बाळ झालं. बारशाला काका त्या खोलीचा उंबरठा ओलांडेनात. बाहेर ओट्यावरच बसले. नातू बाहेर आणून मांडीवर दिला तेव्हा रडले, आणि लोकांना वाटलं आनंदाने रडतायत.

त्यानंतर काकांना एक वेडच लागलं. एक तारीख उजाडली की पावत्या घेऊन दारोदार. ज्याने भाडं दिलं नाही त्यालाही विचारायचे, "मागच्या महिन्याची मिळाली ना?" आनंदा हसायचा. मला मात्र चीड यायची. आता वाटताय होय पावत्या! जिला द्यायची तिला दिली नाहीत. हे मी एकदा तोंडावर बोलले. काका म्हणाले, "बोल गं. कोणीतरी बोलायला पाहिजे. घरात कोणी बोलत नाही." मी पुढे होऊन त्यांच्या हातातली पावती घेतली.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पाट मांडला गेला नाही. पुढच्या वर्षी सकाळीच उमाकाकू आल्या. "मालिनी, हे राजाबाईकडे निघालेत. तू बरोबर जा. नाहीतर दारातूनच परत येतील." आम्ही टांग्याने गेलो. वाटेत काका एवढंच म्हणाले, "आज मी तिला सगळं सांगून टाकणार. माझा जीव मोकळा होऊ दे एकदा."

राजाबाईने आम्हाला लांबूनच पाहिलं. पिठाचे हात लुगड्याला पुसत उठली. काहीएक न विचारता पाट शोधायला लागली. पाट नव्हता. सिंधी बाईने आतून पापडाची मोठी फळी आणून दिली, राजाबाईने ती मांडली, भोवती रांगोळीची बोटं ओढली. "बसा दादा."

काका बसले नाहीत. उभ्यानेच हात जोडले. "राजा, आधी ऐक. कोर्टात मी खोटं बोललो. तू भाडं देत होतीस. खोली तुझी होती. मी तुझा भाऊबिऊ कोणी नव्हतो गं, मालकच होतो. खोलीसाठी भाऊ झालो. मला शिव्या घाल, पण ओवाळू नकोस."

राजाबाई निरांजन घेऊन तशीच उभी. भाडं घेतलं नाही असं ते कोर्टात म्हणाले तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"खोली नेलीत ती नेलीत, दादा," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं मागाय आले का? पन त्या कोर्टात मी एकच शबुद बोलले, आन् त्यापायी सारं सोडलं. आता तोबी खोटा म्हनताय? मंग मी इतकी वरसं कुनाला ओवाळलं? भाऊ तरी ऱ्हाऊ द्या मला."

काकांचे जोडलेले हात खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मोकळं व्हायला आला होता तो माणूस, आणि मोकळं व्हायचं तर तिच्याजवळ उरलेला तेवढा एक भाऊही काढून न्यावा लागणार होता.

काका फळीवर बसले. टोपी सरळ केली. राजाबाईने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि निरांजन ओवाळलं. या वेळी तुपाचा थेंबही सांडला नाही. "लई वरसं जगा, दादा," ती म्हणाली, आणि काकांनी मान खाली घालून ते घेतलं.