पेन्सिलीतले डोंगर

मनाने आजारी असलेल्या माणसांची चित्रं मोजायला मला बसवलं होतं, आणि मी शहाणीने ती आधी सुधारली, मग मोजली. हे ऐकून माझ्या नाती हसतात. हसू द्या, मीही हसते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नाशिक रोडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायची आणि त्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत. ओळखीचे एक मनोविकारांचे डॉक्टर मला शनिवारी दुपारी दवाखान्यात बोलवायचे. तिथले पेशंट तेलखडूंनी चित्रं काढत. चित्रावर चौकटी आखलेला पारदर्शक कागद ठेवायचा, किती चौकटी भरल्या ते मोजायचं, रेघ दाबून आहे की पुसट ते लिहायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “चांगलं-वाईट ठरवायचं नाही. यावरून आजारही ओळखायचा नाही. माणूस कागदावर किती पसरतो, तेवढंच बघा.”

पण पोरांच्या चित्रकलेच्या वह्या तपासून तपासून बिघडलेला हात तो! कोरा कागद दिसला की शिवशिवायचा.

शहराबाहेर झेंडू पिकवणाऱ्या घरातली एक तरुण बाई तिथे होती. पहिल्या दिवशी तिने कोपऱ्यात हरभऱ्याएवढा पिवळा ठिपका काढला आणि खडू ठेवून दिला. मला तिची कीव आली. ती उठून गेल्यावर मी पेन्सिलीने उरलेला कागद सजवला. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, शेजारी नारळाचं झाड. मग पारदर्शक कागद ठेवून अगदी प्रामाणिकपणे चौकटी मोजल्या! दर शनिवारी हेच. डॉक्टरांकडे फक्त आकडे जायचे. चित्रं माझ्या कपाटात.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, ती आता घरी जाऊ शकते. नवरा मात्र न्यायला धजेना. “पुन्हा तसंच झालं तर?” त्याला फरक दिसावा म्हणून डॉक्टरांनी तिची सगळी चित्रं माझ्याकडून मागवून टेबलावर ओळीने मांडली. ती दाराशी उभी, पदर बोटाला गुंडाळत.

नवऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “साहेब, ही तर पयल्या दिवसापासून पानभर काढतीय. मग फरक काय पडला?”

तिचा चेहरा पडला. डॉक्टरांनी नारळावर बोट ठेवलं. “बाई, हे कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले. एवढा बारीक आवाज माझ्या तोंडून माझ्या नवऱ्यानेही कधी ऐकला नसेल.

पर्समधून खोडरबर काढलं आणि तिथेच खसाखसा पुसायला बसले. पेन्सिल जाते, तेलखडू जात नाही. माझ्या मूर्खपणात तेवढीच काय ती अक्कल. डोंगर गेले, नदी गेली. पहिल्या कागदावर उरला ठिपका. पुढच्यावर ठिपक्याला देठ. मग चार-दोन फुलं, मग एक वाकडी सरी. शेवटच्या कागदात माझ्या पेन्सिलीला शिरायला जागाच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत झेंडू, खडू असा दाबलेला की कागद मागून फुगला होता.

नवरा त्यावर वाकला. “ही आपली विहिरीकडली सरी ना गं?”

“मग काय तर! दुसऱ्याची काढीन का?”

तो हसला. “पिशवी भर तुझी. पाचची एसटी हाय.”

मी हातभर रबराचा भुगा झटकत उभी होते. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “बाई, दसऱ्याला या वावरात, टोपलीभर झेंडू देते. फक्त ती पेन्सिल घरी ठेवून या.”