मिठागराच्या बांधावरची आग

मी घाटकोपरचा. पलटणीत हवालदार होतो. त्या पावसाळ्यात आमचा कॉलम, म्हणजे तुकडी, पूरमदतीसाठी मुलुंडला लागला आणि नोकरीत पहिल्यांदाच मी माझ्याच शहरात ड्यूटी केली. बोट घेऊन जायचं, माणसं उचलायची, रस्त्यावर आणून सोडायची, एवढंच काम.

संध्याकाळकडे आम्हाला मिठागरात पाठवलं. बांधावर काही कुटुंबं अडकली होती. बोटीत सगळी मावेनात. म्हातारे आणि आजारी पुढे पाठवले. मी आणि माझ्या हाताखालचा नाईक लॉरेन्स बाकीच्यांबरोबर थांबलो. लॉरेन्स गोराईचा, सहा फुटी गडी, बोलायला कमी.

मग पाऊस इतका दाटला की खाडी दिसेना. भरती चढत होती, बांध पाण्याखाली जात होता. आमचे टॉर्च भिजून बंद पडले. वायरलेस सेटवर बोटीवरून आवाज आला, "तुमची जागा सापडत नाही. लाईट दाखवा. ओव्हर."

मी लॉरेन्सला विचारलं, "आग पेटेल का रे?"

"बघतो, उस्ताद. लाकूड बाहेरून भिजलंय, आतून नसेल."

कोसळलेल्या झोपडीचा वासा त्याने कोयत्याने उभा फोडला. आत कोरडा निघाला. त्याने त्याचे पातळ काप काढले, चिखलावर फळी टाकून वर रचले. बायकांनी आमचा पोंचो, फौजी रेनकोट, त्यावर चारी बाजूंनी ताणून धरला. त्याने खिशातल्या प्लास्टिकमधून लायटर आणि मेणबत्तीचा तुकडा काढला.

आधी नुसता धूर झाला. दुसऱ्यांदाही तेच. तो चिखलात पालथा पडून फुंकर घालत राहिला. मग एका कापाच्या टोकाला नखाएवढी ज्योत पेटली. काप, मग काटक्या, मग वासा. पोंचो बाजूला केला तेव्हा जाळ माणसाच्या उंचीचा झाला होता. पाऊस त्यात पडत होता आणि नाहीसा होत होता. मी तोफांचा मारा पाहिलाय. तरी त्या जाळाकडे मी बघतच राहिलो. शेजारच्या बाईने हात जोडले.

"आग दिसली. येतोय. ओव्हर."

सगळी माणसं सुखरूप निघाली. लॉरेन्स शेवटी बोटीत चढला.

पुढच्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये पेट्रोलिंगवर त्याचा पाय सुरुंगावर पडला. त्याची शवपेटी खाडी ओलांडून गोराईला नेली. जेट्टीवर सगळं गाव उभं होतं. पुढचा खांदा माझा होता. सहा फुटी गड्याची पेटी, पण फार हलकी लागली. का, ते मी कुणाला विचारलं नाही.